झेंड्यावरचा माणूस

"महोगनी? अहो, मला डोळे बांधून जंगलात सोडा. नुसत्या वासावर शोधून आणतो!"

असं रुपर्ट टिलेटने गावच्या बैठकीत छाती ठोकून सांगितलं, तेव्हा शाळेच्या त्या खोलीत बसलेल्या एकाच्याही मनात आलं नाही की हा माणूस गेली तीस वर्षं लोकांचे केस कापतो आहे, झाडं नव्हे.

त्याच्या आजोबांनी मात्र महोगनी तोडली होती. बेलीझमध्ये कुणाच्या ना कुणाच्या आजोबांनी ती तोडलेलीच असते, म्हणून तर देशाच्या झेंड्यावर दोन लाकूडतोडे उभे आहेत. दोघंही उघडे, पांढऱ्या विजारी घातलेले. एकाच्या खांद्यावर कुऱ्हाड, दुसऱ्याच्या खांद्यावर वल्हं, मध्ये ढाल आणि मागे महोगनीचं झाड. टर्टल बेंड गाव दर सप्टेंबरात स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीसाठी हेच चित्र जिवंत माणसांनिशी ट्रकवर उभं करतं. कुऱ्हाड असायची एलिसेओ नोवेलोकडे, आणि वल्हं नऊ वर्षं बसड्रायव्हर एझ्राकडे होतं. रुपर्टचं नावही दर वर्षी सुचवलं जायचं. ते तो स्वतःच सुचवायचा. मिस व्हर्ना चष्म्यावरून एकदा त्याच्या पोटाकडे बघायच्या आणि पुढच्या विषयाकडे वळायच्या.

मिस व्हर्ना म्हणजे गावच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अख्ख्या गावाला त्यांनी शिकवलं होतं, रुपर्टला तर चौथीत दोनदा. चित्ररथ त्यांच्या ताब्यात होता. पण गेल्या वर्षी त्यांच्या प्लायवूडच्या महोगनीला परीक्षकांनी 'केळीचं झाड सुरेख' असा शेरा दिला आणि तो घाव त्यांच्या जिव्हारी लागला. या वर्षी खरी फांदी पाहिजे म्हणजे पाहिजे. शाळेच्या अंगणात त्यांनी स्वतः लावलेली महोगनी होती, पण तिच्या पानाला हात लावण्याची कुणाची छाती नव्हती. शेवटी त्यांनीच जाहीर केलं, "जो जंगलातून खरी फांदी आणेल, वल्हं त्याच्या खांद्यावर."

म्हणून रुपर्टने ती बढाई मारली. नुसत्या हौसेपायी मारली असती तर गोष्ट वेगळी. पण बिचाऱ्याचा जीव एका जुन्या थापेत अडकला होता.

त्याची मुलगी शर्लीन लग्न करून लॉस एंजेलिसला गेलेली. तिची मुलगी जॅनेल सात वर्षांची. दोन वर्षांपूर्वी ती पोर फोनवर म्हणाली, "आजोबा, आपल्या झेंड्यावर दोन माणसं का आहेत?" सरळ उत्तर द्यायचं, विषय संपवायचा. पण रुपर्टचं तोंड! तो म्हणाला, "त्यातला वल्हंवाला मीच की गं."

जॅनेलने ते वर्गात सांगितलं. मग वर्गातून प्रश्न यायला लागले. एवढा वेळ कसे उभे राहता? जेवायला कधी सोडतात? रुपर्टने प्रत्येक प्रश्नाला झकास उत्तर दिलं. आणि या सप्टेंबरात जॅनेल आईबरोबर पहिल्यांदाच बेलीझला येणार होती. मिरवणुकीत वल्हं एझ्राच्या खांद्यावर दिसलं असतं, तर नातीपुढे कोणत्या तोंडाने उभा राहणार होता तो?

एकोणीस तारखेला रुपर्ट आणि एलिसेओ होडी घेऊन ओढ्याने वर गेले. एलिसेओ त्याचा जुना दोस्त. पावाची गाडी फिरवायचा. त्याला पीठ कळायचं, झाड कळत नव्हतं, पण रुपर्टसारखं ते लपवण्याची कला त्याच्याकडे नव्हती. दोन तास चिखल तुडवल्यावर एका झाडापुढे रुपर्टने कंबरेवर हात ठेवले.

"ही बघ."

"नक्की ना रे?"

"पानं बघ. कशी चकाकतायत. माझ्या आजोबांनी अशी शेकड्यांनी आडवी केली."

"आणि खोडावर हे काळे डाग कसले?"

"वय झालं की येतात. तुझ्या मानेवर नाहीत?"

एलिसेओने मानेवरून हात फिरवला. शेजारीच गंबोलिंबोचं एक लालबुंद, साल सुटलेलं झाड उभं होतं. जंगलात वावरलेल्या माणसाला तेवढी खूण पुरली असती. या दोघांनी त्या झाडाला शर्ट अडकवले, घामाघूम होत चांगली दोन पुरुष उंचीची फांदी तोडली आणि उघड्या खांद्यांवरून होडीपर्यंत नेली. तोडलेल्या जागेतून चीक गळत होता. तो हाताला लागला, पाठीला लागला, आणि थोड्या वेळाने काळा पडला. "अस्सल माल," रुपर्ट म्हणाला.

श्रेयात वाटेकरी नको म्हणून त्यांनी फांदी एलिसेओच्या परसात ओल्या पोत्यांखाली झाकून ठेवली. कुणाला बघू दिली नाही. इथेच सगळं चुकलं. गावात दहा म्हातारे असे होते की ज्यांनी लांबूनच बोंब मारली असती.

वीस तारखेला जॅनेल आली. वीतभर उंचीचा कागदी झेंडा हातात घेऊनच गाडीतून उतरली. आजोबांच्या मांडीवर बसून तिने झेंडा त्यांच्या चेहऱ्याशेजारी धरला आणि बराच वेळ दोन्हींकडे आळीपाळीने बघितलं.

"हेच तुम्ही ना?"

"मीच तर."

"मग हात का खाजवताय?"

"सँडफ्लाय चावल्या गं. ओढ्याकाठी फार असतात."

रात्री खाज खांद्यावर चढली. विजारीला खळ जास्त झाली असावी, असं त्याने ठरवलं. विजार अजून त्याने घातलीसुद्धा नव्हती.

एकवीसला पहाटेच दोघांनी फांदी ट्रकवर उभी करून दोरांनी आवळली. रुपर्टने तिच्यावर कागदाचा टूकन पक्षी बसवला. पायथ्याशी करड्या घोंगडीत दोन पोरगे शिरून टेपिर झाले, कारण राष्ट्रीय प्राण्यावाचून मिस व्हर्नांचं चित्र पुरं होत नसे. पुढच्या बाजूला देशाच्या ब्रीदवाक्याची पाटी होती : 'सावलीत मी बहरतो'.

मिस व्हर्ना आल्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन नोव्हेंबरात. त्यांनी वर बघितलं, हिरवं दिसलं, समाधान पावल्या. मग त्यांनी रुपर्टचं पोट बघितलं आणि सुस्कारा सोडला.

"श्वास आत घे. बाहेर सोडायचा तो मिरवणूक संपल्यावर. आणि तुझ्या पाठीवर हे काळं काय?"

"महोगनीचा चीक, मिस. असाच असतो."

"असेल बाबा. लक्षात ठेव, झेंड्यावरचा माणूस हलत नाही. पापणीसुद्धा नाही."

ट्रक निघाला. जिल्ह्याच्या गावात दोन्ही बाजूंना ही गर्दी. बँड वाजतोय, शाळांची पोरं गणवेशात चालतायत. पहिल्या चौकात पावसाची एक हलकी सर आली. पानांवरून पाणी ओघळलं आणि थेट दोघांच्या उघड्या पाठींवर ठिबकलं. सर गेली, ऊन पडलं, आणि मग जी आग सुरू झाली ती काय सांगावी! बिब्बा उतल्यावर अंगाचं जे होतं, ते दोघांचं मानेपासून कंबरेपर्यंत झालं.

"रुपर्ट," एलिसेओ ओठ न हलवता म्हणाला, "तुझंही होतंय का?"

"काय?"

"माझ्या पाठीवर कुणीतरी मिरची वाटतंय."

"हलू नकोस. पुढच्या वळणावर जॅनेल उभी आहे."

"जॅनेलला काय, मला चार जॅनेल आहेत. वल्ह्याने जरा खाजव ना."

"झेंड्यावरचा माणूस वल्ह्याने खाजवत नाही."

"झेंड्यावरच्या माणसाला तुझ्यासारखा दोस्त नाही."

रुपर्टला ते लागलं. त्याने वल्हं खांद्यावरून हळूच तिरकं केलं आणि एलिसेओच्या पाठीवरून एकदा फिरवलं. एलिसेओच्या डोळ्यांत पाणी आलं. परतफेड म्हणून त्याने कुऱ्हाडीचा दांडा पुढे केला. मग एकदाचं दोनदा झालं, दोनदाचं सतत झालं, आणि ढालीच्या दोन्ही बाजूंनी देशाच्या झेंड्यावरची माणसं एकमेकांना खाजवू लागली. लोकांना वाटलं, या वर्षी टर्टल बेंडने काहीतरी विनोदी बसवलंय. टाळ्या पडल्या.

टाळ्या ऐकून मिस व्हर्ना ट्रकशेजारून चालता चालता खूश झाल्या. त्यांना फक्त आवाज येत होता.

वळणावर जॅनेल दिसली. आईच्या हाताला धरून, टाचा उंचावून, कागदी झेंडा वर धरून. रुपर्ट क्षणात दगड झाला. एक डोळा सुजून मिटत आला होता, तरी उघडा डोळा त्याने दूर क्षितिजावर लावला, पोट आत ओढलं आणि नातीपुढून तो अगदी झेंड्यावरच्यासारखा गेला. त्या वीस पावलांत त्या न्हाव्याने जे सोसलं त्याला खरं तर पदक मिळायला हवं होतं.

पण ट्रक पुढे परीक्षकांच्या मांडवापाशी थांबला. तीन मिनिटं निश्चल उभं राहायचं होतं. पहिलं मिनिट गेलं. दुसऱ्या मिनिटाला एलिसेओ म्हणाला, "मला माफ कर," आणि मागे सरकून त्याने पाठ झाडाच्या खोडावर घासायला सुरुवात केली. त्याच्या चेहऱ्यावर असं सुख पसरलं की रुपर्टचाही धीर सुटला. दोघं खोडाच्या दोन बाजूंनी पाठी घासू लागले. झाड हललं, टूकन टेपिरवर पडला, टेपिरचे मागचे पाय घाबरून एकीकडे आणि पुढचे दुसरीकडे पळाले.

गर्दीतून एक वाळका म्हातारा पुढे आला. जन्मभर जंगलात चिकल, म्हणजे च्युइंगगमचा चीक, काढलेला असावा. त्याने हाताचा आडोसा करून वर बघितलं आणि शांतपणे विचारलं, "बाबांनो, चेचेमला कशाला पाठ घासताय?"

'चेचेम' म्हटल्याबरोबर गर्दी दहा पावलं मागे सरली. बँड थांबला. परीक्षकांनी खुर्च्यांसकट माघार घेतली. ज्या विषारी झाडाखाली पावसात कुणी उभंसुद्धा राहत नाही, ते या दोघांनी खांद्यावरून मिरवत आणलं होतं!

"रुपर्ट टिलेट," मिस व्हर्नांचा आवाज आला, चौथीतला, "ही महोगनी आहे का?"

एका डोळ्याचा रुपर्ट म्हणाला, "नाही, मिस."

"तुला महोगनी ओळखता येते का?"

"नाही, मिस."

पाटीवरचं वाक्य मात्र खोटं ठरलं नाही. त्या सावलीत दोघंही कपाळापासून बेंबीपर्यंत लालेलाल बहरले होते.

चेचेमवरचा उतारा म्हणजे त्याच्या शेजारीच उगवणाऱ्या गंबोलिंबोची साल, आणि मांडवामागच्या मैदानाचं सगळं कुंपणच गंबोलिंबोच्या जिवंत खुंटांचं होतं. त्या म्हाताऱ्याने साल सोलून दिली, एका हॉटेलवालीने भाताचं मोठं पातेलं रिकामं करून ती उकळली, आणि अर्ध्या तासात दोघं त्या हॉटेलच्या परसात कपडे धुण्याच्या दोन टबांत बसले होते, डोक्यावर सालीच्या ओल्या पट्ट्या घेऊन. शर्लीन दर पाच मिनिटांनी काढा ओतत होती आणि हसू आवरायला आत पळत होती. बक्षीस शेजारच्या गावाला गेलं. त्यांनी प्लायवूडचं झाड केलं होतं.

जॅनेल टबाशेजारी उकिडवी बसली. रुपर्टला तिच्याकडे बघवेना. एक डोळा मिटलेलाच होता, त्याने दुसराही मिटला.

"बाळा, तुला एक सांगायचंय. झेंड्यावरचा माणूस मी नाही."

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. त्याला पोट नाहीये."

शेजारच्या टबातून एलिसेओ हसला आणि काढा नाकात जाऊन ठसकला.

"मग वर्गात का सांगितलंस?" रुपर्टने विचारलं.

"तुम्ही सांगितलंत म्हणून." तिने सालीची घसरलेली पट्टी त्याच्या कपाळावर नीट बसवली. "पण आज तुम्ही माझ्यासमोरून गेलात ना, तेव्हा मला वाटलं, असालही."

रुपर्टला रडू आलं. चेचेमवर ढकलता आलं, म्हणून त्याने ते आवरलं नाही.

सूज उतरायला दोन आठवडे लागले. तेवढ्या दिवसांत गावातल्या एकाही माणसाने केस कापून घेतले नाहीत, आणि दुकानासमोरून जाणारा प्रत्येक जण त्याला एखादं झाड दाखवून नाव विचारून गेला. मिस व्हर्नांनी नोव्हेंबरात ऑपरेशन करून घेतलं. नव्या डोळ्यांनी त्यांनी पहिल्यांदा मिरवणुकीचे फोटो पाहिले, आणि पुढच्या वर्षीच्या माणसांची यादी तिथल्या तिथे लिहून टाकली.

त्याच आठवड्यात जॅनेलचा फोन आला. तिने टबातला फोटो वर्गात नेला होता, आणि बाईंनी तो झेंड्याशेजारी भिंतीवर लावला होता.

"मुलांनी विचारलं, ही माणसं उघडी का असतात. मी सांगितलं, झाडाखाली खाज सुटते म्हणून. आता सगळ्यांना पाठ झालंय."

रुपर्टने तोंड उघडलं. विचार केला आणि मिटलं. लॉस एंजेलिसमधली सव्वीस मुलं आता जन्मभर तेच धरून चालणार होती, आणि या वेळी थाप त्याची नव्हती.

"आजोबा, पुढच्या वर्षी तुम्ही कोण होणार?"

"पुढच्या वर्षी?" रुपर्टची छाती आपोआप फुगली. "पुढच्या वर्षी तुझा आजोबा राष्ट्रीय प्राणी होणार आहे! टेपिर!"

"अख्खा?"

चीक लागला म्हणून कुणी परत न घेतलेलं वल्हं भिंतीवर टांगलेलं होतं, त्याच्याकडे रुपर्टने एकदा बघितलं.

"नाही गं," तो म्हणाला. "मागचा अर्धा."