रुखमाबाईंचं दही आणि किसनरावांचं रक्त

इंद्रभान सरांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा डोळा लावला. गुणसूत्रं तुटलेलीच होती. देऊळघाटच्या किसनरावांच्या रक्तात तुटली, हे एक वेळ ठीक. ते कपाशीवर स्वतः औषध फवारत आणि फवारणीनं रक्ताचं काय होतं, हाच सरांच्या प्रबंधाचा विषय होता. पण तुलनेसाठी घेतलेल्या सरांच्या स्वतःच्या रक्तात त्याहून जास्त मोडतोड होती. आणि सरांनी जन्मात डासावरसुद्धा औषध मारलं नव्हतं.

किसनरावांची लेक बेबी सरांना मनापासून आवडली होती. किसनरावांनी मात्र अट घातली होती, "माह्यं रक्त घेतलं, आता तुमचंही तपासा. दोन्ही पाह्यतो, मग पोरीचं बोलू." ते आज दुपारीच येणार होते.

बुलढाण्याच्या नव्या कॉलेजात रात्री वीज बंद करत, म्हणून रक्ताच्या बाटल्यांची उबदार पेटी सरांनी भाड्याच्या खोलीवर आणली होती. आत अंगाइतकीच ऊब हवी, नाहीतर पेशी बिघडतात. सरांनी पेटी उघडली. घरमालकीण रुखमाबाईंचा दह्याचा गंज, म्हणजे पितळी पातेलं, नेहमीप्रमाणे आत होता. सरांची बाटली त्यानं ऊब देणाऱ्या दिव्यापाशी ढकलली होती आणि पारा भलताच वर गेला होता.

"रुखमाबाई, बटन कोणी फिरवलं?"

"मीनंच. थंडीचं दही लागून नाई राह्यलं."

"अहो, माझ्या पेशी भाजल्या ना!"

"मंग आधी काऊन नाई बोलले, बापा? महिना झाला मी ठेवून राह्यली!"

ते खरंच होतं. नको म्हणायचं सर रोज ठरवत आणि रोज "असू द्या" म्हणत.

किसनराव आले. खोटं बोलायचा मोह सरांना झाला, पण जमलं नाही. त्यांनी पेटी, बटन, दही, सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे ती बाई महिनाभर तुमच्या पेटीत दही लावते, अन् तुम्ही तिले काहीच बोलले नाई?"

"धीरच झाला नाही." संपलं सगळं, असं सरांना वाटलं.

"रुखमाबाई, साखर आणा!" किसनराव ओरडले. "असाच जावई पायजे होता. बेबी तिच्या मायवर गेली हाय."

"आणि रक्ताचं?"

"पुन्हा तपासा. ते तपासायचं बेबीच्या मायनंच सांगतलं होतं. मी थोडीच तिले नाई म्हणलो असतो!"