दोन मजल्यांच्या मध्ये ‘ध्रुवापलीकडे’

‘ध्रुवापलीकडे’ या मालिकेबद्दल मला येणार नाही असा प्रश्न अजून जन्माला यायचाय, असं मी दुकानात छातीठोकपणे सांगायचो. दुकान चष्म्यांचं. मी मागच्या खोलीत काचा घासतो. मालिका एकोणतीस वर्षं चालली. सहाशे बारा भाग, एक अंतराळयान, एक कप्तान आणि ‘डबा’ नावाचा यंत्रमानव. काचा घासताना एकेक भाग मी मनात चालवायचो. त्या नादात दोनदा गिऱ्हाइकाची डावी काच उजव्या बाजूला बसली. पण ते सोडा!

सार्वजनिक वाचनालयात ‘ध्रुवापलीकडे’च्या चाहत्यांची स्पर्धा ठरली. एका संघात तिघं. जिंकणाऱ्या संघाला चित्रीकरणाच्या ठिकाणी नेऊन यानाच्या खऱ्याखुऱ्या नियंत्रण कक्षात बसवणार होते. मी त्याच संध्याकाळी अर्ज भरला आणि संघनायक म्हणून माझं नाव घातलं.

दुसरी माझी आत्या. कोर्टात टंकलेखक होती, आता निवृत्त. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं टाईप केल्यामुळे तिला स्वतः बोलायची सवयच राहिली नव्हती. विचारलं तर सांगायची, आणि विचारलं तेवढंच सांगायची. मालिका तिने पहिल्या दिवसापासून पाहिलेली. बक्षिसाचं वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, “तिथे एकदा बसायला आवडेल मला.” आत्याला काही आवडेल, हे मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो.

तिसरी माझी बायको. तिला फक्त आकडा भरायला घेतलं होतं. ती पोहायला शिकवते. तलावाच्या या टोकाला उभी राहून त्या टोकाचा पोरगा बाहेर काढते, असा आवाज! मालिकेबद्दल तिचं ज्ञान मात्र यथातथाच.

“तो टकल्या मरतो ना शेवटी?” तिने निघताना विचारलं.

“टकल्या काय? कप्तान आहे तो!”

“बरं, कप्तान मरतो ना?”

“तू फक्त बस. बोलू नकोस.”

रविवारी सकाळी अकराला स्पर्धा. आम्ही अकराला सात मिनिटं कमी असताना पोचलो. हॉल तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट जुनी, दोन जाळीच्या दारांची. आत्याचे गुडघे दुखतात म्हणून लिफ्टने निघालो. घाई अशी, की तिसरा मजला दिसायला लागल्याबरोबर मी जाळीला हात घातला. जेमतेम चार बोटं सरकवली असेल. लिफ्टने एक उचकी दिली आणि जागच्या जागी थांबली!

मी जाळी लावली, उघडली, पुन्हा लावली. सगळी बटणं दाबली. ढिम्म. तिसऱ्या मजल्याची फरशी माझ्या कपाळासमोर होती. वर बघितलं की फटीतून हॉलचा दरवाजा आणि माणसांचे बूट दिसत होते.

“तू हात लावलास का रे?” बायको म्हणाली.

“मी कशाला लावू?”

आत्या गप्प. तिला कुणी विचारलं नव्हतं.

लिफ्टच्या पत्र्यावर दुरुस्तीवाल्याचा नंबर लिहिला होता. मी लावला. आणि काय सांगू, घंटी आमच्या डोक्यावर, हॉलमध्येच वाजायला लागली!

“फोन बंद करून पेटीत ठेवायला सांगितले होते ना?” असा आवाज आला. हे परीक्षक. शाळेत भूगोल शिकवतात, त्यामुळे सगळ्या जगावर त्यांचा अधिकार. “कोणाचा आहे हा?”

“माझा आहे सर,” कुणीतरी ओशाळून म्हणालं. “कोणीतरी लिफ्टमध्ये अडकलंय बहुतेक.”

“आम्ही अडकलोय!” मी खालून ओरडलो.

फटीत परीक्षकांचे काळे बूट आले. शेजारी तेलाचे डाग पडलेले तपकिरी बूट आले. तो लिफ्टवाला. नशीब बघा, स्पर्धेत संघ दोनच, आणि दुसऱ्या संघाचा नायक तोच!

“पाच मिनिटांत काढतो तुम्हाला,” तपकिरी बूट म्हणाले.

“फेरी सुरू होते आहे,” काळे बूट म्हणाले. “जागा सोडलीत तर संघ बाद.”

तपकिरी बूट क्षणभर घुटमळले. “तासाभरात येतो दादा. हवा भरपूर आहे तिथे.”

“आणि आम्ही?” मी म्हणालो.

“तुम्ही गैरहजर,” काळे बूट म्हणाले.

मी आत्याकडे वळलो. “आत्या, नियम काय आहे गं?”

“‘स्पर्धा सुरू होताना संघ इमारतीत हजर असावा.’ सातवा नियम. हॉलचा उल्लेख नाही.”

वर कागद उलटल्याचा आवाज झाला. मग काळे बूट म्हणाले, “ठीक आहे. तिथूनच उत्तरे द्या. मोठ्याने.”

मोठ्याने म्हटल्यावर प्रश्नच मिटला! पद्धत अशी ठरली: मी बायकोला उत्तर सांगायचं, तिने वर तोंड करून ओरडायचं. ध्वनिक्षेपकावरून पहिला प्रश्न आला. “दुसऱ्या पर्वात यानाच्या स्वयंपाक्याचे शेवटचे वाक्य कोणते?”

मला स्वयंपाकी आठवला. त्याची टोपी आठवली. वाक्य काही केल्या आठवेना.

“आत्या?”

“दार उघडू नका, हवा संपतेय.”

“दार उघडू नका! हवा संपतेय!” बायकोने असं काही ओरडून सांगितलं की लिफ्ट हलली.

“बरोबर.”

पुढचा प्रश्न, चौथ्या पर्वात कप्तान कुठे होता? उत्तर होतं शीतपेटीत. मी ते घाईघाईत बायकोच्या कानात सांगितलं, तिने ते आपल्या भाषेत पोचवलं. “कप्तानाला फ्रीजमध्ये ठेवलंय! अकरा महिने झाले!”

“फ्रीज चालेल,” परीक्षक म्हणाले.

असे आम्ही रेटत गेलो. अकरा महिने आत्याने सांगितले होते, हे मान्य करतो. तशी बाकीची उत्तरंही तिनेच सांगितली. पण विचारत तर मी होतो ना! यानात उरलेल्या तिघांपैकी डॉक्टरीणबाईंचं रहस्य काय, यावर बायको कडाडली, “ती म्हातारी माणूस नाहीच! तिघांत एक जण माणूस नाही!” तेही बरोबर.

आता तळमजल्यावर काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं. वाचनालयाचा पहारेकरी चहा पिऊन परत आला होता. वरचा ध्वनिक्षेपक त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. बायको मात्र पोचत होती. म्हणजे त्याला प्रश्न एकही ऐकू आला नाही, उत्तरं मात्र झाडून सगळी ऐकू आली! दोन बाया आणि एक पुरुष आत गेलेले त्याने स्वतः पाहिले होते. त्यातली एक म्हातारी. म्हातारीचं उत्तर ऐकल्याबरोबर त्याने अग्निशमन दलाला फोन लावला.

आम्ही नऊ, लिफ्टवाल्याचा संघ नऊ. शेवटचा प्रश्न आधी आम्हाला, चुकला तर त्यांना. मला घाम फुटला होता. आत्याने पदराने कपाळ टिपलं. तेवढ्यात खालून भोंगा ऐकू आला, मग जिन्यावर जड बूट धडधडले. या बुटांशी माझा परिचय नव्हता.

“शेवटचा प्रश्न,” वरून आवाज आला. “निळ्या ग्रहावरून परतताना यानात किती जण होते?”

आत्याने चार बोटं वर केली. न विचारता! आयुष्यात पहिल्यांदा!

आणि त्याच क्षणी दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी गरजलं, “आत किती जण आहात?”

मी खाली वाकून म्हणालो, “तीन.”

बायको बिचारी तासभर मी म्हणेन ते ओरडत होती. तिने मान वर केली. “तीन!”

“चूक,” परीक्षक म्हणाले.

“अहो, ते उत्तर नव्हतं! ते खालच्या माणसाला होतं!”

“चार!” तपकिरी बूटवाला ओरडला. “डब्याला धरून!”

वर टाळ्या वाजल्या. मी लिफ्टच्या पत्र्याला टेकलो. आत्याने चार बोटं एकेक करून मिटली आणि पर्सचा बंद सारखा केला. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

लिफ्टवाला शब्दाला जागला. बक्षीस बाजूला ठेवून वर लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत धावला आणि अर्ध्या मिनिटात लिफ्ट हळूच दुसऱ्या मजल्यावर आली. बाहेर पहार घेतलेले चार जवान, त्यांचे साहेब आणि त्यांच्या पाठीमागे लपलेला पहारेकरी.

“फ्रीजमध्ये कोण आहे?” साहेबांनी वही उघडून विचारलं.

“कप्तान,” मी म्हणालो.

“राहणार?”

“यानात. म्हणजे… मालिकेत, साहेब.”

“त्या, त्या बाई!” पहारेकऱ्याने आत्याकडे बोट केलं. “माणूस नाहीत म्हणाले हे लोक!”

आत्याने त्याच्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं. तो आणखी एक पाऊल मागे गेला.

सगळा उलगडा व्हायला वीस मिनिटं लागली. जवानांतला एक जण हसून हसून पायरीवर बसला. साहेब हसले नाहीत. तेवढ्यात लिफ्टवाला हात पुसत आला. “यंत्र ठणठणीत आहे. चालू लिफ्टची जाळी कुणी ओढली?”

मी छताकडे बघायला लागलो. मग त्याने नेमकं आत्याला विचारलं, “आजी, तुम्ही पाहिलंत का कुणी ओढली?”

“याने,” आत्या म्हणाली.

बायकोने माझ्याकडे जे पाहिलं, त्यापेक्षा साहेबांनी घेतलेला लेखी माफीनामा सोपा होता.

मी लिहीत असताना लिफ्टवाला आत्याशेजारी येऊन बसला. “आजी, जाळीतून सगळं ऐकू येत होतं. उत्तरं तुमची होती. शेवटचं पण आलं असणार.”

“आलं होतं.”

“आमचा तिसरा गडी माझा मेहुणा. आकडा भरायला आणला होता, झोपलाय तो हॉलमध्ये. तो काही तिकडे यायचा नाही. तुम्ही येता नियंत्रण कक्षात बसायला?”

आत्या माझ्याकडे वळली. “जाऊ का रे?”

मी माफीनाम्यावरचं पेन खाली ठेवलं. “जा की गं,” मी म्हणालो. “विचारतेस काय!”

ती गेली. दिवसभर यानात बसून आली. “खुर्च्या कडक आहेत,” एवढंच म्हणाली, पण दोन दिवस घरात गुणगुणत होती.

आता दर रविवारी ती लिफ्टवाल्याच्या चाहता मंडळात जाते. मीही गेलो, राखीव गडी म्हणून घेता का, असं विचारायला. त्यांनी रीतसर चाचणी घेतली. वीसपैकी अकरा मिळाले. पुढच्या वर्षी या म्हणाले.

अकरातले चार आत्याने टेबलाखालून बोटांनी सांगितले होते. तेवढं कृपा करून आपल्यातच राहू द्या.