चार वर्षांचा बाप

आमच्या गावात कोण कुणाचं कोण लागतं, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. म्हणून तर डेन्मार्कहून आलेल्या लोनेने मला दोन महिन्यांसाठी मदतनीस नेमलं. काम चोख झालं तर नोकरी कायम, नाहीतर परत मासळीच्या कारखान्यात हॅलिबटची आतडी काढायची.

सीलची चरबी आम्हाला कशी पचते आणि तिच्या लोकांना का बाधते, हे लोनेला शोधायचं होतं. आमच्या रक्तातच काही निराळं आहे म्हणे. ते कुणाला बापाकडून आलं, कुणाला आईकडून, हे कळण्यासाठी बेचाळीस जणांचं रक्त घ्यायचं आणि घराण्याचे बेचाळीस अर्ज भरायचे. अर्ज मी चार दिवसांत उरकले.

पाचव्या दिवशी लोनेची हाक आली. "इवालू, सोरीना एकसष्ट वर्षांची. मग तिचा बाप चार वर्षांचा कसा?"

"आकालुक ना? अहो, पाचवं लागलंय त्याला."

लोनेने कपाळाला हात लावला.

"सोरीनाचे वडील बर्फ फुटून गेले," मी समजावलं. "त्यानंतर शेजारी जे पोर जन्मलं त्याला त्यांचं नाव ठेवलं. म्हणजे तो तिचा बाप. चरबीचा पहिला तुकडा ती त्यालाच देते. मला तिच्या आईचं नाव आहे, म्हणून ती मला आई म्हणते. सरळ तर आहे."

"मला नाव नकोय गं, रक्त हवंय! ज्याने जन्म दिला तो बाप लिही."

पुन्हा दारोदार फिरणं आलं. बाकीच्यांनी कुरकुरत का होईना, ऐकलं. सोरीना मात्र अडली.

"नाव तेच राहील," मी म्हणाले. "फक्त पुढे 'मृत' लिहायचं."

"बाप बाहेर घसरगुंडी खेळतोय आणि मी मृत लिहू? समुद्राने एकदा नेला, आता तू कागदावर नेतेस? आई, तू सुद्धा?"

तिने दिलेलं रक्त परत मागितलं. तिचं बघून दुपारपर्यंत आणखी अकरा जणांनी मागितलं. रक्त काय उसनी साखर आहे परत करायला? पण ऐकतंय कोण. मला हॅलिबटचा वास येऊ लागला.

शेवटी मीच आकालुकला बखोटीला धरून सोरीनापुढे उभं केलं.

"सांग तुझ्या मुलीला."

त्याच्या तोंडात चरबीचा तुकडा होता. तो चघळत म्हणाला, "लिही मेला म्हणून. मी खेळायला जाऊ?"

सोरीनाने डोळे पुसले आणि सही केली. म्हणाली, "बापाचा शब्द. मोडवत नाही." मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. बाकीच्या अकरांनीही रक्त परत मागणं सोडलं.

लोनेने खूश होऊन सगळे अर्ज वरच्या कचेरीत पाठवले, सोबत माझ्या कामाची शिफारस. आठ दिवसांनी उत्तर आलं. एकेचाळीस अर्ज बिनचूक. बेचाळिसावा माझा स्वतःचा होता. तो तपासायचं कुणाला सुचणार? सोरीनाची आई मी, तर तिचा बाप माझा कोण? हात सवयीने चालला होता. पती: आकालुक. वय: चार.

सोमवारपासून मी कारखान्यात आहे. आकालुक रोज दुपारी दारात येऊन विचारतो, "जेवलीस का?"

नवराच तो, काळजी वाटणारच.