करडीचं मीठ

धानाचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाकलं की पोचट दाणे वर तरंगतात आणि भरीव दाणे तळाशी बसतात, हे करडी गावातल्या लोकांना पटवण्यासाठी कृषी सहायक मधुकरराव आठ दिवस घरोघर फिरले होते. ब्याऐंशी सालचा जून तोंडावर आला होता. नोकरीत कायम होण्याचा त्यांचा कागद जिल्ह्याच्या साहेबांच्या सहीसाठी अडला होता आणि तेच साहेब आज प्रात्यक्षिक बघायला येणार होते.

सेवकराम या शेतकऱ्याच्या अंगणात मधुकररावांनी बादलीभर पाण्यात मोजून मीठ विरघळवलं आणि ते जीपची वाट बघत रस्त्यावर जाऊन उभे राहिले. आदल्या दिवशी त्यांनी बायांना घरून थोडं मीठ आणायला सांगितलं होतं. प्रत्येकीनं आपलं बियाणं आपल्या हातानं करून पाहावं, एवढाच हेतू. बाया आल्या, त्यांना बादली दिसली. धुरपतानं हातातलं मीठ श्रद्धेनं तिच्यात सोडलं. तिचं पाहून दुसरीनं, मग तिसरीनं. सरकारी कामात आपलं मीठ कमी पडायला नको, म्हणून दोघी घरी जाऊन आणखी घेऊन आल्या.

साहेब आले. मधुकररावांनी घसा साफ केला. "जे तरंगेल ते पोचट. मुळीच दयामाया न करता फेकून द्यायचं." आणि त्यांनी सरकारी पिशवीतलं बियाणं बादलीत ओतलं.

झाडून सगळं बियाणं वर आलं आणि ऐटीत तरंगू लागलं. काठीनं ढवळलं, तर दाणे गिरकी घेऊन परत वर.

"मंग हे सप्पाच फेकाचं काय, साहेब?" धुरपतानं विचारलं.

"पिशवी खराब असेल," मधुकरराव पुटपुटले. "सेवकराम, तुमचं घरचं टाका."

तेही तरंगलं. याच बियाण्याच्या जोरावर सेवकराम दरवर्षी गावभर मिशा पिळत फिरे. "माह्या धानाले पोचट म्हनता?" म्हणत तो उभाच राहिला. मागून कोणीतरी म्हणालं, "एखादा गोटा टाकून पाहा, तोही तरंगते का." साहेबांनी डायरी उघडून काहीतरी लिहायला घेतलं. मधुकरराव पुन्हा काठीनं ढवळू लागले.

तेवढ्यात सेवकरामाची आई गोदावरीबाई ओसरीवरून उतरली. बादलीत बोट बुडवून तिनं जिभेला लावलं. "बापू, हे पानी नाही, लोनच्याचा खार हाय. मीठ कोनं कोनं टाकलं?"

सगळ्या बायांनी अभिमानानं हात वर केले.

गोदावरीबाई रागावली नाही. तिनं मोठं गंगाळ मागवलं, बादली त्यात रिकामी केली आणि वरून घागरीनं साधं पाणी घालू लागली. तिसऱ्या घागरीला भरीव दाणे गुमान खाली बसले. वर राहिलेले तिनं ओंजळीनं काढले. "हे कोंबड्यांले. खालचे साध्या पान्यानं धुवा, मंग पेरा. नाही धुतलं तं कोंब येनार नाही." धुण्याचं सांगायला मधुकरराव सपशेल विसरले होते. साहेबांनी डायरीतला मजकूर खोडला.

पुढच्या आठवड्यात मधुकररावांच्या कागदावर सही झाली. सोबत एक आदेशही आला. पुढच्या प्रात्यक्षिकासाठी सिहोरा गावाला जाताना जीपमध्ये पुढच्या सीटवर गोदावरीबाई बसली होती आणि मागे, मांडीवर बादली घेऊन, मधुकरराव.

तिथं प्रात्यक्षिक रंगलं. शेवटी एका बाईनं हळूच विचारलं, "मावशी, तो बादली धरून उभा हाय, तो कोन?"

"आमच्या करडीचा साहेब हाय," गोदावरीबाई म्हणाली. "चांगला पोरगा हाय. अजून शिकून राहिला."