तळघरातल्या उंदरावरील वारांचा अहवाल

ज्या पत्राला दोन ओळींचं उत्तर पुरतं, त्याच पत्राला उत्तर जायला सर्वांत जास्त वेळ लागतो, हे सुव्यवस्थित कार्यालयाचं पहिलं लक्षण आहे. दोन पानी तक्रारीला पोच देता येते. दहा पानी तक्रारीवर समिती नेमता येते. पण जो माणूस एकच प्रश्न विचारून खाली सही करतो, त्याने समोरच्याला पळायला जागाच ठेवलेली नसते.

असं एक अंतर्देशीय पत्र विलेपार्ल्याच्या नंदकिशोर बर्वे यांच्या टेबलाच्या उजव्या खणात चौदा महिने पडून होतं. पत्र काशीराम घाडी यांचं. काशीराम अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं भांडार सांभाळायचे. निवृत्त झाल्यावर बर्व्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर मुलाकडे राहायला आले, आणि चार वर्षांनी मालवणकडच्या आपल्या गावी निघून गेले. जाताना मुलाचा जुना कॉम्प्युटर पोत्यात बांधून घेऊन गेले. फोनवर काशीरामना नीट ऐकू येत नाही आणि बर्व्यांना नीट बोलता येत नाही, म्हणून पत्र.

मजकूर असा होता: "नंदकिशोरा, एक खरा सांग. आपण चार वर्सां तलवार मारली, ती तुका बरी वाटली काय रे? काय माझ्यासाठी बसान रवलंस? बरी वाटली म्हणशीत तर कॉम्प्युटर ठेवतंय, घेवन येतंय. नाय तर भंगारवालो म्हयन्याच्या पैल्या आयतवारी दारात येता. दोन ओळी लिव."

त्यानंतर चौदा पहिले रविवार उलटले होते.

बर्व्यांनी उत्तर लिहायला घेतलं नव्हतं असं नाही. पत्र आलं त्याच संध्याकाळी त्यांनी 'आपल्या पत्राचा विषय विचाराधीन आहे' एवढा अंतरिम मसुदा केला. मग मित्राला 'आपल्या' म्हणावं की 'तुझ्या', या मुद्द्यावर तो सात महिने थांबला. बर्वे एका महामंडळाच्या अभिप्राय शाखेत चौतीस वर्षं होते. त्या शाखेचा लौकिक असा की तिने दिलेला एकही अभिप्राय आजवर चुकीचा ठरलेला नाही. (दिलेल्या अभिप्रायांची संख्या: चार.)

"अहो, 'हो' लिहा नाहीतर 'नाही' लिहा," त्यांच्या पत्नी जयंतीबाई म्हणाल्या.

"अगं, पण मला मजा आली होती की नाही, हे मला कुठे माहीत आहे?"

"मग कोणाला माहीत असणार? महापालिकेला?"

बर्व्यांनी या सूचनेचा गंभीरपणे विचार केला आणि अधिकारक्षेत्राच्या कारणावरून ती फेटाळली. शेवटी त्रिसदस्यीय समिती नेमण्यात आली: अध्यक्ष स्वतः, सदस्य जयंतीबाई (भाजी निवडत असल्यास उपस्थित समजावं), आणि तांत्रिक सदस्य म्हणून अंधेरीच्या एका ऑफिसात काम करणारी नात श्रुतिका. विषय: पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या, भूमिका घेऊन खेळायच्या कॉम्प्युटर-खेळांतली जवळून करायची मारामारी आनंददायक असते किंवा कसे.

श्रुतिकाने पहिल्याच बैठकीत अभिप्राय दिला. "आजोबा, त्या गेममधली फाइट म्हणजे पूर्ण वाट आहे. कोणी एन्जॉय करूच शकत नाही."

"हे मत आहे की निष्कर्ष?"

"फॅक्ट आहे!"

'तांत्रिक सदस्य प्रतिकूल' अशी नोंद झाली. मग तिनेच तो जुना खेळ कुठून तरी मिळवून आपल्या लॅपटॉपवर चढवला आणि स्थळपाहणी सुरू झाली.

खेळाचं नाव 'काळकोट'. त्यात आपण एक शूर योद्धा असतो. योद्ध्याला राज्य वाचवायचं असतं, पण त्याआधी एका खानावळीच्या तळघरातले उंदीर मारावे लागतात. (राज्य वाचवण्याची पात्रता कोणी ठरवली, याची माहिती उपलब्ध नाही.) पाहणीत पुढील गोष्टी आढळल्या.

एक. उंदीर योद्ध्यासमोर उभा असतो. अंतर शून्य.

दोन. उंदीर हलत नाही.

तीन. योद्धा तलवार मारतो. तलवार उंदराच्या पोटातून आरपार जाते, हे तिन्ही सदस्यांनी प्रत्यक्ष पाहिलं.

चार. पडद्यावर अक्षरं येतात: 'वार चुकला'.

"लागला की! मी बघितलं ना!" जयंतीबाई भाजी बाजूला ठेवून म्हणाल्या.

"आजी, आतल्या आत फासे पडतात. फासा म्हणाला नाही, तर नाही."

"कुठे आहे तो फासा?"

"दिसत नाही."

या व्यवस्थेबद्दल बर्व्यांच्या मनात नितांत आदर दाटून आला. माणूस खिडकीशी उभा आहे, अर्ज साहेबाच्या नाकाखाली आहे, कागद पुरे, सह्या पुऱ्या, आणि तरीही अर्ज पोचलेला नाही. असं जग खरोखर चालतं आणि ते उत्तम चालतं, हे बर्व्यांनी चौतीस वर्षं जवळून पाहिलेलं होतं. (उंदराच्या बाजूने.)

तुलनेसाठी श्रुतिकाने नवा खेळ दाखवला. त्यात तलवार मारली की लागते. बर्वे तीन मिनिटांत कंटाळले. वार लागला तर दोष कोणाला देणार? खात्री करून घ्यायला त्यांनी दिवाणखान्यातल्या लोडावर मिटलेल्या छत्रीने शंभर वार केले. शंभरही लागले. बाराव्या वारानंतर जांभया, चाळिसाव्यानंतर खांदेदुखी. मजा: निरंक. (साठाव्या वाराला खालच्या मजल्यावरून काशीरामची सून वर येऊन 'काका, बरे आहात ना?' असं विचारून गेली. त्यांनी मान हलवली. तिच्या सासऱ्याबद्दल विचारावं असं फार मनात होतं, पण विषय विचाराधीन असताना बाहेर चर्चा करता येत नाही.)

आता मूळ पुरावा मागवणं भाग होतं. चार वर्षं हा कॉम्प्युटर बर्व्यांच्याच जेवणाच्या टेबलावर असायचा, कारण सुनेच्या घरात त्याला जागा नव्हती. रोज संध्याकाळी सहा ते साडेसात काशीराम तलवार मारायचे आणि बर्वे शेजारी बसून नोंद करायचे. खेळणं त्यांना धाडसाचं वाटे. नोंद करणं जमण्यासारखं होतं. सात फुलस्केप वह्या माळ्यावरून खाली आल्या.

एकूण वार अकरा हजार दोनशे चाळीस. लागलेले चार हजार एकशे दोन. चुकलेले सात हजार एकशे अडतीस. वाचवलेली राज्यं: शून्य. दोघे तळघराच्या पुढे फारसे गेलेच नव्हते.

"आजोबा, हा शेऱ्याचा रकाना बघा," श्रुतिका म्हणाली.

रकान्यात बर्व्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: 'चहा.' 'शेंगदाणे संपले.' 'का. यांनी उंदरास शिवी दिली (मालवणी, लिहिण्याजोगी नाही).' आणि पुन्हा पुन्हा: 'का. हसले.' श्रुतिकाने दोन रविवार खर्चून मोजणी केली. काशीराम एक हजार तीनशे सोळा वेळा हसले होते. त्यांतले बारा वेळा वार लागल्यावर. उरलेले सगळे वार चुकल्यावर.

"म्हणजे काशीराम हसत होता," बर्वे हळूच म्हणाले. "पण त्याने माझं विचारलंय. 'नं. हसले' अशी नोंद एकही नाही."

"स्वतःच्या हसण्याची नोंद कोण करतं, आजोबा?"

"करायला हवी होती. आता पुरावाच नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. चौतीस वर्षांत त्यांना आपण मूर्ख आहोत अशी शंका अनेकदा आली होती, पण प्रकरण क्रमांकासकट समोर आलं नव्हतं.

"पुरावा नाही कसा?" जयंतीबाई म्हणाल्या. "चार वर्षं गिचका भात खाल्लात ना?"

"त्याचा काय संबंध?"

"संध्याकाळी मी कुकर लावायचे. तीन शिट्ट्या. बाहेर काशीराम एकदा घोड्यासारखे खिंकाळायचे, की पाठोपाठ तुम्ही. तुम्ही तर त्यांच्यापेक्षा मोठ्याने. शिट्टी दुसरी झाली की चौथी, काही कळायचं नाही मला. पाच-पाच व्हायच्या. तुम्ही ताटावर बसून रोज म्हणायचात, 'आज पुन्हा गिचका?'"

बर्वे खरोखर तसं म्हणायचे. कामाची आवड असल्याने त्यांनी तेही वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवलं होतं: भात गिचका, एक हजार एकशे सात दिवस.

"आणि आता?" त्यांनी विचारलं.

"आता कसा असतो?"

आता भात मोकळा असतो. काशीराम गेल्यापासून शीत न् शीत मोकळं आहे, एकाही दिवशी तक्रार नाही. त्या रात्री ताटातल्या त्या निर्दोष भाताकडे बर्वे बराच वेळ बघत राहिले.

अहवाल बावीस पानांचा झाला. निष्कर्ष: जुन्या खेळांतली तलवारबाजी सदोष, संथ, अन्यायकारक आणि मुख्यतः निष्फळ असून, शेजारी माणूस असल्यास अत्यंत आनंददायक आहे. बर्व्यांनी तो पुन्हा वाचला आणि खणात ठेवला. मग कोऱ्या पत्रावर लिहिलं: 'काशीराम, मला मजा आली. कॉम्प्युटर देऊ नकोस, घेऊन ये. दिला असशील तर तसाच ये.' दोनच ओळी. खाली सही केली. जावक क्रमांक घालायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. बर्वे नाक्यावरच्या लाल पेटीशी गेले. पेटीचं झाकण गंजलेलं, फट अरुंद. अंतर शून्य, पेटी हलत नव्हती. पहिला वार चुकला. पत्र झाकणाला लागून दुमडलं. दुसरा वार चुकला. पानवाला बघत होता. बर्व्यांना एकाएकी हसू आलं, इतकं मोठ्याने की पानवाल्याने चुना खाली ठेवला. तिसऱ्या वाराला पत्र आत पडलं.

दुसऱ्या दिवशी महिन्यातला पहिला रविवार होता. पत्र मालवणकडे पोचायला चार दिवस लागतात. त्याचा फासा कोणालाच दिसत नाही.

वाचकांच्या माहितीसाठी: आपणही आत्तापर्यंत शंभराहून अधिक वाक्यांतून गेलात. त्यांतली बरीचशी आरपार गेली, लागली नाहीत, याची नोंद घेण्यात आली आहे. तरी आपण थांबला नाहीत. मजा आली का, ते दोन ओळींत कळवावं. (घाई नाही. त्याआधी आपल्या खणातलं किंवा फोनमधलं ते दुसरं पत्र निकाली काढावं. कोणाचं, ते आपल्याला माहीत आहे. त्यांच्याकडेही भंगारवाला येतो.)