तिरोडकरांच्या नकाशातलं पार्टिशन

तिरोडकर गेली चाळीस वर्षं आमच्या वाचनालयात रोज येतात आणि आजवर त्यांनी एकही पुस्तक घरी नेलेलं नाही. ते इमारत वाचायला येतात.

मुलुंडमधली आमची ही इमारत जुनी. दगडी जोतं, सागवानी जिना, वर मंगलोरी कौलं. तिरोडकर पाचला येतात, कठड्यावरून हात फिरवत जिना चढतात, कमानीखाली थांबून वर बघतात आणि खिशातली घडीची फूटपट्टी काढून काल मोजलेली खिडकी आज पुन्हा मोजतात. मी एकदा विचारलं, काका, खिडकी काय वाढते का? ते म्हणाले, वाढत नाही, पण खचू शकते.

नव्या सभासदानं दिवाळी अंक कुठे म्हणून विचारलं की ते सांगतात, "तिसऱ्या तुळईखाली." तो बिचारा छताकडे बघत चालतो आणि कपाटावर आदळतो. आत्मचरित्रं त्यांनी मला भिंतीकडेला हलवायला लावली, कारण ती फार जड असतात. एका मोठ्या लेखकाच्या भाषणानंतर स्टेजवर जाऊन त्यांनी आवाज काय सुंदर घुमला म्हणून सांगितलं. लेखक खूश झाले. तिरोडकर छताबद्दल बोलत होते.

नोकरीत ते ड्राफ्ट्समन होते. लग्न केलं नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे केले आणि त्यातून एक वाक्य कमावलं: "जे आहे ते दाखवायचं. जे असायला हवं ते दाखवायला साहेब लोक आहेत." हे वाक्य ते चहा पातळ झाला तरी ऐकवतात.

यंदा कौलं गळायला लागली. दुरुस्तीच्या परवानगीसाठी इमारतीचा आजच्या स्थितीचा नकाशा हवा होता. मूळ नकाशा वाळवीनं खाल्ला होता. आमच्याकडे तिच्याइतका चिकाटीचा वाचक कुणी नाही. मी वाचनालयाची चिटणीस, म्हणून तिरोडकरांकडे गेले. त्यांनी कॉम्प्युटरला नावं ठेवली, ट्रेसिंग पेपर आणि शाईचं पेन काढलं आणि तीन महिने खपून नकाशा केला. त्यात घड्याळाचा खिळासुद्धा होता.

तपासणीला आलेला तरुण इंजिनियर नकाशा हातात घेऊन सगळीकडे फिरला आणि वाचनाच्या हॉलमध्ये थबकला. "मॅडम, इथे मधोमध पार्टिशन दाखवलंय. कुठाय?"

पार्टिशन नव्हतं. सोमवारपर्यंत नकाशा सुधारून द्या, नाहीतर फाइल परत जाईल, म्हणजे पावसाळ्याआधी दुरुस्ती विसरा, असं सांगून तो गेला. मी भडकले. संध्याकाळी तिरोडकर आल्या आल्या त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं. त्यांनी फूटपट्टी उघडली, मिटली. मग सांगू लागले.

पूर्वी हॉलमध्ये पातळ फळ्यांचं पार्टिशन होतं, पलीकडे महिला विभाग. तिरोडकर अलीकडे फळीला पाठ लावून बसायचे. पलीकडे, तशाच पाठमोऱ्या, शाळेतल्या एक बाई बसायच्या. त्यांचं पान उलटणं ऐकू यायचं. चष्म्याची डबी मिटली की त्या निघाल्या हे कळायचं. सहा वर्षांत त्या एकदाच बोलल्या, पंखा जरा कमी कराल का, आणि यांनी केला.

मग समितीला समानता आठवली आणि पार्टिशन एका दिवसात गेलं. तो ठराव मीच मांडला होता. तेव्हा तिशीत होते, टाळ्याही पडल्या होत्या.

"मग जाऊन शेजारी बसायचंत ना, काका," मी म्हटलं.

"पार्टिशन होतं तोवर शेजारी बसता येत होतं, ताई. ते गेल्यावर लोकांना दिसलं असतं."

ते खिडकीकडे सरकले. काही महिन्यांनी बाई यायच्या बंद झाल्या. नाव रजिस्टरमध्ये असेल, पण तिरोडकरांनी ते कधी बघितलं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि माझ्या टाळ्यांची लाजही वाटली.

त्यांनी खिशातून अर्धं ब्लेड काढलं. ट्रेसिंग पेपरवरची शाई ब्लेडनंच खरवडावी लागते, आणि हलक्या हातानं, नाहीतर कागद फाटतो. इंच इंच करत त्यांनी पार्टिशन खरवडलं, फुंकर मारली, आणि "जे आहे ते दाखवायचं" म्हणून घरी गेले.

नकाशा गुंडाळताना माझ्या लक्षात आलं की हॉलच्या मधोमध दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून अजून तशाच आहेत. त्या त्यांनी खरवडल्या नव्हत्या. प्रत्यक्षात तिथे खुर्च्या नव्हत्या.

सोमवारी सकाळी मी जाऊन दोन खुर्च्या तिथे तशाच मांडल्या. नकाशा जागेशी जुळायला हवा. इंजिनियर आला, बघून सही करून गेला.

पाचला तिरोडकर आले. खुर्च्यांपाशी थांबले. माझ्याकडे बघितलं नाही. फूटपट्टी काढली, एक खुर्ची फळीच्या जाडीएवढी पुढे सरकवली आणि तिच्यात बसले.