आधारनानांचं जून मटण

आमच्या धुळ्यात मटणाच्या दुकानात गिऱ्हाईक आधी भाव विचारतं. आमचे शेजारी आधारनाना आधी शेपूट बघतात. गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून टांगलेल्या जनावराला शेपूट ठेवलेलंच असतं. आखूड आणि वर वळलेलं असेल तर बोकड, लोंबतं असेल तर मेंढी, हे नाना मागच्या रांगेला मोठ्याने समजावून सांगतात. त्या रांगेत मी असतो आणि दर रविवारी मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"यानं वय काय शे?" हा त्यांचा पुढचा प्रश्न.

"नाना, जन्मदाखला आणू का?" खाटीक वैतागून विचारतो. त्याचं काय चुकतं हो?

नाना धरणगावला एका जिनिंगमध्ये मॅनेजर होते. कापूस चिमटीत धरून प्रत सांगायची सवय, ती आता मटणावर चालते. पण त्यांचं खरं वैर आहे ते 'लॅम्ब' या शब्दाशी. एकदा हायवेवरच्या हॉटेलात त्यांनी मेन्यूकार्डावर लॅम्ब सूप पाहिलं आणि वेटरला उभा केला.

"भाऊ, हाई लॅम्ब म्हंजे कोन शे?"

"काका, मटणच आहे ते."

"मटन? आरे, वरीसना आतलं मेंढीनं पिल्लू म्हंजे लॅम्ब! तिकडे विलायतमा मोठी मेंढी व्हयनी का मंग तिनं मटन. आनि आपलाकडे मटन म्हंजे बोकड! बठ्ठं एकाच भांडामा कोंबतस का रे तुम्ही?"

आम्ही न जेवता उठलो. भूक मला लागली होती, तत्त्व त्यांचं होतं.

या वैराला घरचंच कारण आहे. त्यांचा मुलगा विजय विलायतेत असतो. तो फोनवर एकदा सहज म्हणाला, "नाना, आम्ही लॅम्बच आणतो. मऊ असतं, पटकन शिजतं." नानांनी फोन ठेवला आणि दिवसभर अंगणात माझं डोकं खाल्लं. "पटकन शिजस म्हने! त्या पिल्लूनी आजून चाराबी चाखा नई. त्याले काय चव? मटन कसं, लालभडक पाहिजे, जून पाहिजे. देवनी दात कसाले दिधात?"

यंदा विजय बायको आणि मुलीला घेऊन आला. नाशिकला सासुरवाडीला आठवडा काढला आणि इथे बापाच्या वाट्याला एक दुपार. दारातच म्हणाला, "नाना, जेवलो की निघतो हं. विमान गाठायचंय." मला इतका राग आला! पण त्याहून राग नानांचा आला. या माणसाने सकाळी दुकानातला सगळ्यांत जून बोकड शोधून मटण आणलं होतं.

"नाना, कोवळं तरी घ्यायचं! आता माझा कुकर आणतो."

"कुकर तुना घर ठेव."

नानांच्या पत्नी अक्कांनी स्वयंपाकघरात मटण कधी येऊ दिलं नाही. त्या गेल्या, तरी नाना अंगणातच चूल मांडतात. पातेलं चढलं. विजय आधी सारखा घड्याळ पाहत होता. मग बाजेवर टेकला, लसूण सोलायला लागला. सून खोबरं भाजायला बसली. नात फुंकणीने चूल फुंकत होती आणि धुराने डोळे चोळत खिदळत होती. विजयने लहानपणी याच चुलीत वांगं भाजताना शर्ट कसा जाळला, ते निघालं. नानांना इतकं हसताना मी अक्का गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

बाहेर विजयचा गाडीवाला पुन्हा पुन्हा हॉर्न वाजवत होता. नाना झाकण उचलायचे, डोकावायचे, म्हणायचे, "नई, आजून जरासं."

शेवटी माझा संयम सुटला. मी स्वतः पळीने एक तुकडा काढला. मांस हाडावरून गळून पडलं! कधीचं शिजलं होतं. मी ओरडणार, तोच नानांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"गप ऱ्हाय," ते पुटपुटले. "शिजनं म्हनी सांगशी, तं पोरं जेवतीन आनि निंघी जातीन."

मी तुकडा पातेल्यात टाकला, वर झाकण ठेवलं, चुलीत एक लाकूड सारलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा कडाडलो,

"विजय, त्या खाटकाने फसवलं रे! दगडासारखं कच्चं आहे अजून. बसा निवांत."